दवापासून वीतभर दूर : कॅननच्या १०० एमएम मॅक्रो लेन्ससह दोन हिवाळे

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूरच्या शिवारात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहा पन्नासच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत ही वेळ सात वाजून दोन-तीन मिनिटांपर्यंत पुढे सरकते. उगवल्यापासून मसुरीवरचे दव सुकेपर्यंत जेमतेम दीड तास हाती लागतो, आणि त्यातलाही शेवटचा अर्धा तास वाऱ्याचा असतो, कारण ऊन चढू लागले की बांधावरचे गवत आधी हलते आणि मागोमाग सगळे पीक. म्हणजे छायाचित्रणासाठी खरा उपयोगी वेळ तासाभराचा. एवढ्या वेळात कोणती लेन्स हातात आहे याला फार महत्त्व येते, कारण ओल्या रानात उभे राहून लेन्स बदलणे हा उद्योग मी तरी कुणाला सुचवणार नाही. कॅनन ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम ही मॅक्रो, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी, लेन्स मी सलग दोन हिवाळे याच कामासाठी वापरली आहे. लग्नातली छायाचित्रे, दागिन्यांची छायाचित्रे किंवा चेहऱ्यांची छायाचित्रे यांसाठी ती कशी आहे, हे येथे पाहायचे नाही.

आधी तिची ओळख. ही लेन्स २००९ साली बाजारात आली. १२ गटांत बसवलेली १५ भिंगे, नऊ पात्यांचे अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे, लहानमोठे करता येणारे छिद्र), ६७ मिलिमीटरचा फिल्टर आणि ६२५ ग्रॅम वजन अशी तिची घडण आहे. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर उमटवण्याची, म्हणजे एकास एक मोठेपणाची, क्षमता तिच्यात आहे. हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी जी संकरित स्थिरीकरण यंत्रणा कॅननने पुढे इतरत्रही वापरली, ती सर्वप्रथम या लेन्समध्ये आली. माझा कॅमेरा कॅननचा ८०डी आहे, त्याचा सेन्सर २२.५ बाय १५ मिलिमीटरचा, त्यामुळे दृश्याच्या हिशेबाने ही लेन्स माझ्याकडे १६० एमएमसारखी वागते. मी ती नवी घेतलेली नाही. कोल्हापुरातल्या एका हौशी छायाचित्रकाराकडून ३९ हजार रुपयांना जुनी घेतली.

या लेन्सची सर्वाधिक स्तुती तिच्या रेखीवपणासाठी होते, आणि ती रेखीव आहेच. पण दवाच्या कामात तिचा मोठा गुण मला वेगळाच वाटतो, आणि तो म्हणजे ती राखू देत असलेले अंतर. माहितीपत्रकात किमान फोकस अंतर ३० सेंटीमीटर दिलेले असते, परंतु ते सेन्सरपासून मोजलेले असते. त्यातून लेन्सची सव्वाबारा सेंटीमीटर लांबी आणि कॅमेऱ्याच्या आतली साडेचार सेंटीमीटरची जागा वजा केली की लेन्सच्या तोंडापासून थेंबापर्यंत साधारण १३ सेंटीमीटर उरतात. वीतभरापेक्षा कमीच. यापूर्वी मी कॅननचीच ६० एमएमची मॅक्रो लेन्स वापरत होतो. ती ३३५ ग्रॅमची, हलकी आणि स्वस्त, चित्राची गुणवत्ताही उत्तम, पण पूर्ण मोठेपणावर तिच्यासमोर सुमारे नऊच सेंटीमीटर मोकळे राहतात. चार सेंटीमीटरचा हा फरक घरात टेबलावर नगण्य आहे. रानात मात्र या चार सेंटीमीटरमध्ये स्वेटरची बाही मावते, गळ्यातला पट्टा मावतो आणि खाली वाकताना पुढे आलेली कानटोपी मावते. मसुरीचे झाड गुडघ्याखालचे, नाजूक. त्याच्या एका फांदीला पट्टा नुसता चाटून गेला तरी शेजारच्या चार फांद्यांवरचे दव एकदम गळून पडते. अळवावरचे पाणी आपण म्हणीत वापरतो, पण मसुरीवरचे दव त्याहून बेभरवशाचे असते, कारण अळवावरचा थेंब निदान पानातल्या पानात घरंगळतो.

या अंतराला दुसरीही एक बाजू आहे. सकाळचा सूर्य अगदी खाली असतो, आणि लेन्स पिकाच्या जेवढी जवळ जाते तेवढी तिची स्वतःची सावली चित्रात शिरण्याची शक्यता वाढते. ६० एमएमने मी बाजूचा प्रकाश जवळजवळ सोडूनच दिला होता आणि सरसकट सूर्याकडे तोंड करून छायाचित्रे घेत होतो. १०० एमएमने तो बाजूचा प्रकाश परत मिळाला. सोबत येणारे हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचे नळीसारखे आवरण) मात्र चांगले लांब आहे. ते लावून एकास एकपर्यंत गेल्यास १३ सेंटीमीटरमधले निम्मे हूडच खाऊन टाकते. म्हणून अगदी जवळच्या कामात मी ते काढून ठेवतो आणि थोड्या लांबच्या कामात न चुकता लावतो.

अंतराचा तिसरा फायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या शिवारात बांध अरुंद असतात आणि पीक बांधाला लागून असते. या लेन्समुळे बांधावर गुडघा टेकून, पिकात पाय न घालता, पहिल्या दोन ओळींतले जवळपास सगळे काही टिपता येते. पहिल्याच हिवाळ्यात शेताचे मालक असलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या मागे येऊन कधी उभे राहिले ते मला कळले नाही. “कुठल्या गल्लीतला तू? आणि सकाळी सकाळी काय करूलैस हितं?” अशी चौकशी झाली. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मसुरीच्या पानावरच्या एका थेंबात त्यांच्याच शेताच्या कडेचे बाभळीचे झाड उलटे दिसत होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बाभळ आमचीच हाय. पिकात तेवढा पाय घालू नको, मग काढ किती काढायचं ते.” त्यानंतर त्या शेतात मला कुणी अडवले नाही.

थेंबात शेत उलटे दिसते ते थेंब स्वतःच एक लहान, फुगीर भिंग असल्यामुळे. येथे फोकस थेंबाच्या पृष्ठभागावर नव्हे, तर थेंबाने तयार केलेल्या त्या लहानशा प्रतिमेवर धरावा लागतो, आणि ही प्रतिमा थेंबाच्या किंचित कॅमेऱ्याकडच्या बाजूला पडते. स्वयंचलित फोकसला हे उमगत नाही. तो थेंबाची चकाकती कड पकडतो. म्हणून मी फोकस हाताने करतो, पडद्यावरचे दृश्य दहापट मोठे करतो आणि मग लेन्सचे कडे न फिरवता अंगच पुढेमागे डुलवतो. एकास एक मोठेपणावर अॅपर्चर एफ/८ इतके बारीक ठेवले तरी माझ्या कॅमेऱ्यावर स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढा भाग पुढेमागे रेखीव दिसतो तो, सुमारे ०.६ मिलिमीटर एवढीच असते. अर्ध्या मोठेपणावर ती १.८ मिलिमीटरच्या आसपास जाते. मला बहुतेक वेळा अर्धा मोठेपणाच पुरतो. पूर्ण मोठेपणावर चौकटीत २२.५ मिलिमीटर रुंदीचाच तुकडा येतो आणि मग ते चित्र येळ्ळूरचे आहे की आणखी कुठले, हे सांगायला काहीच शिल्लक राहत नाही. अॅपर्चर एफ/११च्या पुढे बारीक करण्यात अर्थ नाही, कारण या मोठेपणावर प्रकाश जवळपास दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट प्रकाश) घटलेला असतो आणि प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडू लागते.

स्थिरीकरणाबद्दल दुकानदार चार स्टॉपचा आकडा सांगतात. तो खोटा नाही, पण तो दूरच्या दृश्यांसाठीचा आहे. अर्ध्या मोठेपणावर कॅनन स्वतःच सुमारे तीन स्टॉपचा लाभ सांगते आणि एकास एकवर दोन स्टॉपचा. मला यातली खरी कमाई तीन स्टॉपच्या टप्प्यात दिसली. सूर्योदयाच्या आधीच्या निळसर उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० ठेवून सेकंदाच्या एक-ऐंशीव्या भागाने घेतलेली, बांधावर कोपर टेकवून काढलेली छायाचित्रे दहापैकी सहा-सात वेळा नीट येतात; आधीच्या लेन्सने दोन-तीन आली तरी मी खूश असे. मात्र ही यंत्रणा हलणारा हात थोपवते, हलणारे रोप नव्हे. वारा सुटला की तिचा उपयोग संपतो, आणि तेव्हा आयएसओ वाढवून शटरचा वेग एक-चारशेपर्यंत नेणे एवढाच मार्ग उरतो.

तिपाई वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या लेन्ससोबत तिपाईवर बसवायचे कडे येत नाही. ते वेगळे विकत घ्यावे लागते. आडव्याचे उभे चित्र करताना कडे असेल तर कॅमेरा जागच्या जागी फिरतो, नसेल तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. मी ते घेतलेले नाही, कारण नांगरलेल्या काळ्या मातीत तिपाईचे पाय रुततात, आणि दव पडलेल्या बांधावर ती उभी करताना आजूबाजूचे गवत हमखास झाडले जाते. गव्हाच्या पिठाची जुनी पिशवी तांदळाने अर्धी भरून ती बांधावर ठेवली की तिच्यावर कॅमेरा उत्तम बसतो.

आता हरभऱ्याविषयी, कारण त्याने या लेन्सची वेगळीच परीक्षा घेतली. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून आम्ल पाझरते. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. रात्री दव पडले की ते त्यात मिसळते, आणि आपल्याकडे पूर्वीपासून पिकावर स्वच्छ फडके पसरून सकाळी ते पिळून ही आंब गोळा करण्याची रीत आहे. छायाचित्राच्या दृष्टीने हरभरा अप्रतिम आहे. प्रत्येक लवेच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान थेंब असतो, पानाच्या करवती कडेने त्यांची रांग लागते, आणि सूर्य समोर असला की अख्खे रोप चांदीच्या बारीक तारेने विणल्यासारखे दिसते. याच ठिकाणी मी लेन्स पूर्ण मोठेपणावर नेतो, आणि याच ठिकाणी तिच्या रेखीवपणाला खरे काम मिळते, कारण लवेचा प्रत्येक तंतू वेगळा दिसतो. पण तासभर हरभऱ्यात बसून उठलो तेव्हा मनगटांना चुरचुर सुटली होती, आणि पुढे लावलेल्या फिल्टरवर थेंब वाळून चिकट, पांढुरके डाग पडले होते. साध्या कोरड्या फडक्याने ते निघेनात. आधी पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसावे लागले. फिल्टर नसता तर ते डाग थेट लेन्सवर असते. फिल्टर लावण्याने चित्र बिघडते असे मानणाऱ्यांपैकी मीही आहे, पण हरभऱ्यात नाही.

कडोलीच्या बाजूला कोबीच्या मळ्यांत अनुभव नेमका उलटा येतो. कोबीच्या पानावर मेणाचा थर असल्यामुळे पाणी पसरत नाही, गोल मोत्यासारखे उभे राहते, आणि पानांच्या शिरांमधल्या खळग्यांत मोठे थेंब साचतात. येथे मोठेपणाची फारशी गरज भासत नाही. एफ/४वर, दीड-दोन फुटांवरून, मागच्या ओळी विरघळू देऊन घेतलेले चित्र मला अधिक आवडते. नऊ गोलाकार पात्यांमुळे मागच्या थेंबांची चमक एफ/४लाही बऱ्यापैकी गोल राहते. पूर्ण उघड्या एफ/२.८वर चौकटीच्या कडेचे गोल थोडे बदामाच्या आकाराचे होतात, तेही माझ्या लहान सेन्सरवर फारसे जाणवत नाही. या मळ्यात खुरपणीला आलेल्या कन्नड भाषिक बायका दवाला ‘इब्बनी’ म्हणतात, हे मला येथेच कळले.

गवताच्या किंवा कोवळ्या मक्याच्या पानाच्या अगदी टोकावर जो एकच टपोरा थेंब दिसतो, तो पुष्कळदा दव नसतोच. रात्री मुळांनी वर ढकललेले पाणी पानाच्या टोकाच्या छिद्रांतून बाहेर येऊन तेथे थांबते. दव हवेतून येते, स्वच्छ आकाशाखाली पाने थंड पडल्यावर त्यांवर साठते आणि पानभर बारीक पसरते. लेन्सच्या परीक्षणात हे आडवळण वाटेल, पण याचा उपयोग असा की ढगाळ रात्रीनंतर दव नसले तरी टोकावरचे हे थेंब मिळू शकतात आणि पहाटे केलेला प्रवास अगदीच वाया जात नाही.

दूरच्या दृश्यांसाठी ही लेन्स निम्मी उपयोगी आहे. राजहंसगडावरून खाली पाहिले की नाल्याच्या कडेने सखल शिवारांत धुके साचलेले दिसते आणि झाडांचे शेंडे त्यातून वर आलेले असतात. या थरांना एकमेकांजवळ आणून दाखवायला १०० एमएम योग्य आहे. धुक्यात एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवावे आणि व्हाइट बॅलन्स आपोआपवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर ठेवावा, नाहीतर कॅमेरा उन्हाची पिवळाई ‘दुरुस्त’ करून टाकतो. परंतु पायाखालच्या दवापासून क्षितिजापर्यंतचे सगळे शेत एका चौकटीत हवे असेल, तर येथे काहीही साधत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्सच बरी, आणि मी ती खिशात बाळगतो. एक दृश्य मात्र याच लेन्सचे आहे. सूर्य पाठीशी घेऊन दवाने भिजलेल्या गवतासमोर उभे राहिल्यास आपल्या सावलीच्या डोक्याभोवती उजळ वलय दिसते, कारण थेंब प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते त्याच्या सावलीभोवती दिसते, आपल्या नाही. १८ एमएमने त्या वलयाचा ठिपका होतो. १०० एमएमने फक्त डोक्याची सावली आणि वलय एवढेच चौकटीत घेता येते.

कोणत्याही मॅक्रो लेन्सप्रमाणे येथेही फोकसचा पल्ला मोठा असल्यामुळे अंधूक उजेडात स्वयंचलित फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून येतो. बाजूला तीन स्थितींची कळ दिलेली आहे: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटरपासून पुढे. मी ही कळ दिवसातून पंधरा-वीस वेळा हलवतो, आणि तेवढी शिस्त पाळली की तक्रारीला जागा राहत नाही.

धूळ आणि ओलावा रोखण्याची व्यवस्था लेन्समध्ये आहे आणि कॅमेऱ्याशी जुळणाऱ्या कडेला रबराची गोल पट्टीही आहे. दवाने वरून भिजण्याची भीती म्हणून मला वाटत नाही. पण दव जसे पानावर साठते तसेच ते उघड्या आकाशाखाली अर्धा तास ठेवलेल्या लेन्सच्या काचेवरही साठते. हूड लावलेले असले की त्याला वेळ लागतो. त्याहून मोठी चूक परत आल्यावर होते. थंडगार लेन्स घेऊन, चुलीवर पाणी तापत असलेल्या उबदार घरात शिरले की काचेवर वाफ धरते. त्यासाठी शेतातच कॅमेरा पिशवीत घालून चेन बंद करावी आणि घरी आल्यावर पाऊण तास ती उघडू नये.

ही लेन्स विकत घेण्याआधी शहरातल्या एका दुकानातून मी अशाच प्रकारची एक लेन्स तीन दिवसांसाठी भाड्याने आणली होती. तीनही दिवस प्रत्येक थेंबाभोवती दुधाळ वलय येत होते आणि मी मित्रांना धुक्याचे कौतुक सांगत होतो. परत देताना मोबाइलचा टॉर्च मागून धरून पाहिले, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली दिसली. दुकानदाराने भाड्यातून एक रुपया कमी केला नाही. उलट लेन्स माझ्याकडेच भिजली असेल, असे त्याचे म्हणणे पडले. तेव्हापासून जुनी किंवा भाड्याची लेन्स हातात घेतल्याबरोबर मी टॉर्च लावतो, पल्ल्याची कळ तीनही स्थितींत हलवून पाहतो आणि स्थिरीकरण सुरू करून कानाशी धरतो. हलकी घरघर ऐकू येणे हे या लेन्समध्ये स्वाभाविक आहे.

कॅननचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असलेल्यांना २०२१ साली आलेली, त्या कॅमेऱ्यांच्या आरएफ जोडणीची १०० एमएम मॅक्रो उपलब्ध आहे. ती १.४ पट मोठेपणापर्यंत जाते आणि ७३० ग्रॅमची आहे. तिच्या नव्या किमतीत माझ्या लेन्ससारखी जुनी लेन्स आणि ती त्या कॅमेऱ्याला जोडणारा अॅडॉप्टर दोन्ही येऊन पैसे उरतात, आणि दवासाठी एकास एकच्या पुढे जाण्याची गरज मला दोन हिवाळ्यांत एकदाही पडली नाही. ज्यांना वर्षातून दोन-तीनच पहाटे रानात जायचे आहे, त्यांनी ६० एमएमची जुनी लेन्स घ्यावी, बाही दुमडावी आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा. दर रविवारी जाणाऱ्याने मात्र हिच्यासाठी पैसे साठवावेत, आणि त्यात हवाबंद डब्याचे व सिलिका जेलचे पैसेही धरावेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरा चढतो. त्या चार महिन्यांत माझी लेन्स डब्यात असते आणि दर पंधरा दिवसांनी एक दुपार खिडकीतल्या उजेडात.